वसंतरावांचा पगार

वसंतराव गेले त्याला पंधरवडा झाला होता. पॅकिंग हॉलमध्ये, चालू मशीनजवळ, कपाशीचं बियाणं तपासता तपासता ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. दैवशाला शेजारीच उभी होती. त्या दिवसापासून तिला रडू आलं नव्हतं, भूकही धड लागत नव्हती. ती वेळेवर येत होती, उगवणीचे ट्रे बघत होती, सह्या करत होती.

जालन्याच्या त्या बियाणे कंपनीत वसंतराव प्लांट मॅनेजर होते आणि ती त्यांच्या हाताखाली लॅब सांभाळायची. काम त्यांनीच शिकवलं होतं.

कंपनीच्या शेठनं तिला केबिनमध्ये बोलावलं.

"वसंतरावांची जागा तुम्हीच घ्या, मॅडम. सीझन तोंडावर आलाय. बाहेरचा माणूस आणून उपयोग न्हाई."

"घेते," ती म्हणाली.

"आता अठ्ठावीस हजार आहे तुम्हाला. पस्तीस करू. दिवाळीनंतर बघू मंग."

एरवी पगाराचं बोलायचं म्हटलं की तिचे तळहात ओले व्हायचे. आज पंख्यानं टेबलावरचे कागद फडफडत होते, ती ते बघत होती आणि तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"सरांना होता तितका द्या. पासष्ट."

शेठनं चष्मा काढला. "पासष्ट कोणी सांगितलं?"

"सरांनीच."

"त्यांना बेचाळीस होते." शेठचा आवाज चढला नव्हता, उलट जरा उतरलाच होता. "पाहिजे तर अकाउंटला विचारा."

एकदा डबा खाऊन हात धुताना वसंतराव सहज बोलून गेले होते. पासष्ट देतात मला, तुलाही मिळतील कधीतरी. तिनं ते खरं मानलं होतं. दात काढण्याआधी सुई दिली की गालाला हात लावलेला कळतो, पण दुखत नाही, तसं तिला आता झालं.

"मला पासष्टच पाहिजेत," ती म्हणाली.

"मॅडम, इतकी वर्षं काढलेल्या माणसाला बेचाळीस, आन् तुम्हाला..."

"लॅबही माझ्याकडंच ठेवणार ना?"

"ते तर आहेच."

"मंग दोघांचं काम एकटीनं करायचंय. त्यांचा आणि माझा पगार मिळून सत्तर होतो. मी त्याच्या आत मागतेय."

शेठनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ती कागदांकडं बघत बसली. त्यात काही डावपेच नव्हता. तिच्याकडं आणखी बोलायला काही नव्हतं, इतकंच. बाहेर ट्रकमध्ये पोती चढवत होते.

"साठ," शेठ म्हणाला.

तिनं नकारार्थी मान हलवली.

"बरं, पासष्ट. पण सीझनभर सुट्टी मागायची न्हाई."

"नेमणुकीची ऑर्डर आजच काढा," ती म्हणाली आणि लॅबमध्ये परत गेली. बाकीच्यांनी पेढे मागितले. तिनं पैसे काढून दिले.

संध्याकाळी ती जुन्या जालन्यात वसंतरावांच्या घरी गेली. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं तिला वाटलं. त्यांची बायको उषाबाई ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या.

"काकू, सरांची जागा मला दिली. पासष्ट हजारांवर."

उषाबाईंचे हात थांबले. "यांना बेचाळीस होते."

"माहीत आहे."

"दरवर्षी मागायला जायचे. इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आन् घरी येऊन म्हणायचे, शेठ आज कामात होते." त्यांनी पुन्हा जुडी हातात घेतली. "तू कसं मागितलं?"

"काय की. मागितलं खरं."

वसंतरावांनी आपल्याला कोणता आकडा सांगितला होता, ते तिनं काकूंना सांगितलं नाही. उषाबाई बराच वेळ पानं खुडत राहिल्या.

"बराबर केलं," शेवटी त्या म्हणाल्या. "जेवून जा."

दैवशालानं त्यांच्याबरोबर देठं काढली, मग भाकरी थापू लागली. दोघी जेवायला बसल्या तेव्हा उषाबाईंनी विचारलं, "भाजीत मीठ झालं का गं?"

तिनं घास चावला. भाजी गरम आहे, एवढं तिला कळलं.

"झालंय, काकू," ती म्हणाली.