तळव्यावरची चीर

विदरस्टोकच्या पेटिफर घराण्याची अक्कल वडिलांबरोबरच पुरली गेली, असं हेस्टर पेटिफरचं ठाम मत होतं. ते ती धाकट्या भावाला, क्लाइव्हला, दर नाताळात जेवणाच्या टेबलावर ऐकवायची. क्लाइव्ह हसून आणखी बटाटे वाढून घ्यायचा. हसायला त्याला काहीही पुरत असे.

वडिलांचा बुटांचा कारखाना होता आणि त्यांचा एक नियम होता. शिलाई चुकली किंवा कातड्यावर डाग निघाला की त्या जोडाच्या तळव्यावर ते स्वतः सुरीने तिरकी चीर द्यायचे. चिरलेला जोड दुकानात जात नसे. शनिवारी फाटकाशेजारच्या शेडमध्ये तो कामगारांना आणि गावकऱ्यांना पडेल भावात मिळे. चीर म्हणजे कबुली होती, की हा जोड आमच्या हातून बिघडला आहे.

दुसरं काहीच जमत नसल्यामुळे क्लाइव्हला त्या शेडमध्ये बसवलं होतं. तिथे त्याला आयुष्यातला एकमेव शोध लागला. लोक बूट हातात घेत, उलटा करत, आणि चीर दिसली की त्यांचे डोळे लकाकत. बूट कसा आहे ते कुणी बघतच नसे! एका शनिवारी डागी माल लवकर संपला, तेव्हा त्याने गोदामातले चांगले जोड आणले आणि त्यांनाच चिरा मारल्या. दुपारच्या चहापर्यंत शेड रिकामी झाली.

वडील गेल्यावर या शोधाला मोकळं रान मिळालं. शेडच्या जागी ‘पेटिफर गेट’ नावाचं डागी मालाचं भलंमोठं विक्री केंद्र उभं राहिलं. मग मोटरवेच्या कडेला दुसरं, तिसरं, असं करत साखळी थेट स्कॉटलंडपर्यंत पोचली. प्रत्येक ठिकाणी विटांचं एक धुराडं बांधलेलं, ज्यातून कधी धूर निघाला नाही. कारखान्याचं खरं धुराडं मात्र पाडलं, कारण पार्किंगला जागा हवी होती. माल परदेशातून यायला लागला, मुद्दाम हलका बनवलेला, तिकडूनच चिरा मारून आलेला. कुठल्याही दुकानाचं तोंड न पाहिलेले बूट ‘दुकानातून उरलेले’ म्हणून खपत होते, आणि लोक ते घ्यायला बसगाड्या भरभरून येत होते.

कारखान्यातली एकच खोली उरली होती, पहिल्या गेटात सामावलेली, वरच्या मजल्यावरची शिवणखोली. तिथे हेस्टर, नोरीन आणि आणखी तीन म्हातारे कारागीर मागणीप्रमाणे बूट बनवत. साखळीचा तिसावा वाढदिवस जवळ आला, तशी क्लाइव्हची नजर त्या खोलीवर गेली.

“तिथं झकास कॅफे होईल,” तो म्हणाला. “जुनी मशीनं भिंतीवर लावू.”

“आणि नोरीनला कुठं लावणार? खिळ्याला?”

“तू पण ना, हेस्टर! बरं, असं करू. समारंभात स्टेजवर ये. तुमच्या खोलीतल्या नव्या जोडाला बाबांच्या सुरीने चीर दे आणि चार शब्द गोड बोल. खोली तुझी. शब्द देतो.”

“चांगल्या जोडाला चीर?”

“मग काय? वाईट जोड फोटोत कसा दिसेल?”

हेस्टरने त्याला हाकलून दिलं. पण नोरीन म्हणाली, “मिस हेस्टर, एक जोड गेला तर गेला. खोली राहिली तर आपण दुसरा शिवू की.” हेस्टरने तपकिरी कातडं काढून तिच्यापुढे ठेवलं.

तपकिरी जोड झाला, हेस्टरच्याच मापाचा. समारंभात कोमट वाइन होती, सॉसेज रोल होते आणि गळ्यात पदाची सोनेरी साखळी घातलेले महापौर होते. पडद्यावर साखळीचा इतिहास दाखवला. त्यात वडिलांचं काम करणाऱ्या नटाला वडिलांना कधीच नसलेली मिशी होती, आणि तो कातड्यावर हात फिरवत म्हणत होता, “चुकीतही सौंदर्य असतं.” वडिलांनी असलं बोलणाऱ्याला फाटकाबाहेर काढलं असतं.

हेस्टर स्टेजवर गेली. तिने बूट उलटा केला आणि एखादी चूक शोधली, एखादा सैल टाका तरी. नोरीनने काहीच चुकवलं नव्हतं. सुरी पुढे जाईना.

“क्लाइव्ह, पाय वर कर,” ती म्हणाली.

समोर कॅमेरे होते, त्यामुळे तो महापौरांच्या खांद्याला धरून हसत उभा राहिला. हेस्टरने त्याच्या महागड्या बुटाच्या तळव्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकी चीर ओढली.

“बाबा हेच करायचे,” ती माइकवर म्हणाली. “डागी माल आहे हे सांगूनच विकायचे.”

नोरीनने डोळे मिटले. संपली खोली, हेस्टरच्या मनात आलं, आणि तरी तिला फार बरं वाटत होतं.

मग मागून एक बाई ओरडली, “अहो, माझ्याही बुटाला मारा ना!” टाळ्या पडल्या. लोक बूट काढायला लागले. बघता बघता मोजे घातलेल्या माणसांची रांग दारापर्यंत गेली. क्लाइव्ह त्या रांगेकडे बघत होता, आणि त्याचे डोळे शेडमधल्या गिऱ्हाइकांसारखे लकाकत होते.

त्याने शब्द पाळला. खोली राहिली, कॅफे झाला नाही. नोरीन आणि बाकीचे आता नवे एप्रन घालून सुऱ्या घेऊन बसतात आणि येईल त्याच्या बुटाला चीर मारून देतात. शिवायला कुणाला वेळ नाही. मशीनं भिंतीवर लावली.

“राहिली ना खोली?” क्लाइव्हने विचारलं. “आता तरी खूश हो.”

हेस्टरने तो तपकिरी जोड पायात घातला, जिना उतरली आणि दम घ्यायला बाहेरच्या बाकावर पायावर पाय टाकून बसली. शेजारी पिशव्यांच्या ढिगाऱ्यात एक बाई बसली होती. तिने वाकून हेस्टरच्या बुटाच्या तळव्याकडे पाहिलं आणि हळहळली.

“फसवलं हो तुम्हाला, चीरच नाही. नकली आहेत.” मग तिने प्रेमाने हेस्टरच्या हातावर थोपटलं. “वर जा, तिथे एक म्हातारी आहे. ती मारून देईल.”