आप्पांच्या सत्तावीस गाड्या

मित्रांनो, मला तळहातावर घेतलंत तर मी पावशेरही भरणार नाही. मी पत्र्याचं एक जुनं, खेळण्यातलं इंजिन. खऱ्या रुळांवरून मी कधी धावलो नाही, पण माझंही आयुष्य काही कमी धकाधकीचं गेलं नाही.

माझा जन्म एकोणीसशे नऊ सालचा, नंदुरबार स्टेशनामागच्या रेल्वेच्या चाळीतला. रतिलालआप्पा तिथे नुकतेच सांधेवाला म्हणून लागले होते. लोखंडी दांडा ओढून सांधा बदलायचा आणि गाडी योग्य रुळावर घ्यायची, हे त्यांचं काम. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी माझं अंग घडवलं, दोऱ्याच्या लाकडी रिळांची चाकं बसवली आणि फुटक्या कंदिलाची नळी धुराडं म्हणून उभी केली. सिंधुबाईंना धानोऱ्याहून आप्पांची नवी नवरी म्हणून येऊन महिनाही झाला नव्हता. आप्पा सांध्यांना कथलाचा डाग देत होते तेव्हा सिंधुबाईंनीच मला चिमट्यात धरलं होतं. एक चाक तिरकं बसलं. जमिनीवर सोडलं तर मी डावीकडे कलंडत चालू लागलो.

"हाई तं लंगडी शे!" सिंधुबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"पुढली नीट करसू," आप्पा म्हणाले.

पुढची खरोखरच नीट झाली. तिच्या पुढची त्याहून सुबक. स्टेशनात नव्या घडणीचं इंजिन आलं की आप्पा ते डोळ्यांत साठवून घेत आणि घरी येऊन पत्र्यात उतरवत. मालगाडीचे डबे झाले, टपालाचा डबा झाला, पुढे पुढे तर पितळी बंबाची तीन देखणी इंजिनं झाली. बत्तीस वर्षांत आम्ही सत्तावीस झालो. गार्ड, तिकीटमास्तर आम्हाला पाहायला मुद्दाम घरी येत आणि वाहवा करत. त्या वाहवेत माझा वाटा नसे. नव्यांना जागा हवी म्हणून मी सरकत सरकत फळीच्या पार मागच्या कोपऱ्यात गेलो होतो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण आठ दिवसांतून एकदा सिंधुबाईंचं फडकं तिथवरही पोचायचं.

एकोणीसशे एकेचाळीस साली आप्पांच्या निवृत्तीचा कागद आला. चाळीतलं घर सोडायचं होतं. ब्राह्मणपुरीच्या त्यांच्या थोरल्या भावाने, सुकलालने, कळवलं होतं, "एक खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. या." एका खोलीत दोन माणसं, भांडीकुंडी, अंथरुणं. सत्तावीस गाड्या कुठे मावणार? आप्पांनी ठरवलं, पितळी तीन ठेवायच्या आणि बाकीच्या वाटून टाकायच्या.

वाटताना मात्र त्यांचा जीव तुटत होता. देण्याआधी प्रत्येक गाडी ते एकदा ओट्यावरून चालवून बघत. टपालाचा डबा धनसिंग गार्डाला देताना तो कुठे धरायचा आणि कुठे धरायचा नाही, हे त्यांनी तीनदा समजावलं. दोन मालगाड्या शाळेत गेल्या. चार दिवसांत फळी ओकीबोकी झाली. सिंधुबाई त्या वेळी भावाचा निरोप घ्यायला धानोऱ्याला गेल्या होत्या.

मला कोणी मागितलं नाही. सामानाच्या लोखंडी पेटीला भोक पडलं होतं, ते बुजवायला आप्पांनी डबे-बादल्या सांधणाऱ्या झिपरूला अंगणात बसवलं आणि ठिगळासाठी मला त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"आप्पा, तोडू ना? पक्कं?" झिपरूने विचारलं.

"तोड. ती तं निस्ता पत्रा शे."

कात्री कर्र वाजली. माझं छप्पर सुटून खाली पडलं. कात्री पोटाला लागणार, तोच फाटकाशी टांगा थांबला.

"थांब रे झिपरू!" सिंधुबाई बोचकं तिथेच टाकून धावत आल्या आणि त्यांनी मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. मग त्या आप्पांकडे वळल्या.  "सर्वा गावले इचारं तुम्हीन. माले इचारं का?"

आप्पा गोंधळले. "अवं, हाई तं लंगडी. चांगल्या तीन ठेवेल शेतंस ना."

"मानमोडीनी साथ उनी व्हती, तवय तुम्ही अठरा दिन खाटवर पडेल व्हतात. डाक्टरनी हात टेकात. मी रोज हाई गाडी खाटना काठवर फिरावू, तुमना डोया तिनामांगे जातस का, ते देखू. बाराव्या दिनले डोया फिरनात. तवय मन्हा जीवमा जीव उना."

आप्पांना हे ठाऊकच नव्हतं. एकोणीसशे अठराच्या त्या तापात शुद्ध कुठे होती त्यांना? त्यांचे डोळे माझ्यामागे फिरताना मी पाहिले होते, पण मला तोंड कुठे आहे?

झिपरूने कात्री हळूच खाली ठेवली. आप्पा त्याच्याशेजारी मातीतच बसले.

"तू कधी बोलनी नही."

"तुम्ही कधी इचारं नही."

आप्पांनी माझं पडलेलं छप्पर उचलून हातात घेतलं. मग विचारलं, "आते सांग. कोनती ठेवानी?"

"हाई एक बस शे," सिंधुबाई म्हणाल्या. "त्या तीन दुसराना घरमा शोभतीन."

दोन पितळी इंजिनं त्याच संध्याकाळी गेली. तिसऱ्यावर आप्पांचा फार जीव होता. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी भिला नावाच्या तरुणाच्या हाती दिलं. आप्पांच्या जागी सांध्यावर उभा राहणार होता तो. 

बैलगाडीने तापी उतरून आम्ही ब्राह्मणपुरीला आलो. मी सिंधुबाईंच्या मांडीवर होतो. इथे कोसकोस रेल्वे नाही. पहिले काही दिवस आप्पा गाड्यांच्या वेळा आठवत केळीच्या बागेतून नुसते येरझारा घालत. सुकलालने शेतावर बोलावलं तरी त्यांचं मन लागेना. एका दुपारी ते खोलीत आले. सिंधुबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या समोर बसून आप्पा म्हणाले, "त्या अठरा दिननं सांग माले. पहिलापासून."

सिंधुबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. दिवेलागण झाली तरी त्यांचा तिसरा दिवसच चालू होता, आणि आप्पा मधे एक शब्दही न बोलता ऐकत होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद दिवशी आवराआवर निघेल. काय ठेवायचं, काय टाकायचं, ते जरूर ठरवा. जागा थोडी असते, हे आम्हा वस्तूंनाही कळतं. पण आमच्यावर कात्री चालवण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा. आमच्याविषयी त्यांच्या पोटात काय दडलेलं असतं, ते आम्हाला सांगता येत नाही, आणि विचारल्याशिवाय ते कोणी सांगत नाही.