खुशीची कबुली

तिसऱ्या फटक्याला काठी तडकली, तेव्हा सुताराला पाठीइतकंच मनालाही लागलं. ती बाभळीची काठी त्यानंच घडवली होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथं तर दांड्याचा बापच पोलीस चौकीच्या फरशीवर पालथा पडलेला.

बागाईतदाराच्या बांधावरची बाभळीची फांदी चोरली आणि जाब विचारल्यावर शिवी दिली, असे दोन किरकोळ गुन्हे त्याच्या नावावर. शिवी खरी होती. फांदी मात्र वादळानं पाडलेली, उचलायला सांगितलं होतं खुद्द बागाईतदारानं, आणि मागाहून तोच फिरला. पण हवालदारानं त्याचा ओठ फोडला, बरगडीत बूट घातला आणि मायेनं समजावलं, की कबूल हो, दंड भर, संध्याकाळी घरी जा. नाहीतर रोज एक नवी बरगडी. एकदा चोर ठरलो की कुणी बांधावरच्या लाकडाला हात लावू देणार नाही, धंदा बसेल, हे सुताराला कळत होतं. पण बरगड्याही मोजक्याच असतात. तो बरं म्हणाला.

हवालदार काटकसरी. मोडकी काठी जमा करायची तर लेखी कारण द्यावं लागतं. म्हणून कोर्टात नेण्याआधी त्यानं सुताराकडूनच तिला लोखंडी कडं ठोकून घेतलं. फुकट.

न्यायाधीशबाईंनी फुटका ओठ पाहिला. पायरीवर पडला, हवालदार म्हणाला. बाईंनी सुताराला विचारलं, "कबुली खुशीनं देताय ना?"

"खुशीनंच, बाई." दारातल्या बायकोनं मान खाली घातली. "फक्त एक गुन्हा लिहायचा राहिलाय. सरकारी काठी माझ्या पाठीनं मोडली. सकाळी कडं मारून दिलंय, पण गुन्हा तो गुन्हाच."

काठी हवालदाराच्या पाठीमागे गेली. बाईंनी ती मागवून घेतली. कडं कोरं, तडा ताजा. हातातून पडून मोडली, हवालदार घाईनं म्हणाला.

इथं मात्र सुतार बरगड्या विसरला. त्यानं सदरा वर केला. तीन काळेनिळे वळ, तिसऱ्यात बाभळीची ढलपी अजून रुतलेली.

"पडून मोडायला ती काय बाजारातली काठी आहे, बाई?"

कबुली रद्द झाली, काठी पुरावा म्हणून जमा झाली. खटला रीतसर चालणार होता. तोवर सुतार जामिनावर घरी.

आठवड्यानं चौकीतला शिपाई दारात. हवालदारसाहेबांना नवी काठी हवी, आणि गावात सुतार एकच. बायको हळूच म्हणाली, हाकलून द्या. सुतार कण्हत उठला, लाकडं उलटीपालटी केली आणि भुंग्यानं पोखरलेलं एक बाजूला काढलं.

"असू दे गं. मार आपल्यालाच खायचाय, तर लाकूड तरी आपल्या पसंतीचं."