पापड उलटेपर्यंतचं ऊन

असोद्यात मला खोटारडा म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते काही खोटं बोलत नाहीत. मळ्यातल्या विहिरीत बुडी मारली आणि थेट तापीत निघालो, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की आता त्या पाण्याची चवसुद्धा जिभेवर येते. पण माझ्या थापांनी कुणाचं वाटोळं झालं नव्हतं. एक सोडून.

शेजारच्या लिलाबाईचा एकुलता एक प्रशील जळगावात खोली घेऊन बाहुले बनवायचा. अंगठ्याएवढे शिपाई. रेझिन नावाचा चिकट रस यंत्रात ओतला की भाल्यासकट, मिशांसकट माणूस निघायचा. तो, धुळ्याची सपना आणि आणखी दोघं-तिघं टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर मांडून, फासे टाकून लढाया खेळायचे. प्रत्येकाच्या शिपायाला ज्याचा त्याचा चेहरा. माझाही एक केला होता. "नाना, तुमचा शिपाई लढत नाही," प्रशील म्हणायचा, "तो बोलायला लागला की शत्रूची एक पाळी हुकते."

त्यानं स्वतःचा शिपाई सगळ्यात शेवटी केला. एका मे महिन्यात सकाळीच घेऊन आला. "आई, हा मी. धुतलाय, पण वीज गेली, दिव्याखाली धरता आला नाही. याला ऊन दाखव, पक्का होईल."

"किती वेळ?"

"पापड उलटायला वर जाशील ना, तेव्हा उचल."

त्याच आठवड्यात धरणगावच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. लिलाबाईकडे राहिला तो अंगठ्याएवढा प्रशील. पुढच्या दातांमधल्या फटीसकट.

महिनाभरानं ती तो पदरात गुंडाळून माझ्या ओट्यावर आली. माहेर दोंडाईच्याचं, बोली तिकडचीच. "नाना, जास्ती ऊन दाखाडं तं जास्ती टिकी का?"

मला काय ठाऊक? पण बाईनं महिनाभरात धड तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "लिलाबाई, माझ्या आजोबांची चप्पल चाळीस उन्हाळे घरावरच्या धाब्यावर वाळली. शेवटी एका कुत्र्यानं पळवली, तर त्याचेच दात पडले. आपल्याकडचं ऊन आहे ते! एका दिवसाच्या उन्हानं वस्तूचं एक वर्ष वाढतं."

ती हसली. तिला हसवलं म्हणून मी दिवसभर ताठ मानेनं गावातून हिंडलो.

तीन उन्हाळे ती त्याला धाब्यावर नेत राहिली. एका बाजूला मिरच्या, एका बाजूला कुरडया, मध्ये स्वच्छ फडक्यावर प्रशील. संध्याकाळी पुसून बुद्धाच्या तसबिरीपाशी ठेवायची. पांढरा होता, तो हळदीसारखा पिवळा झाला. "रंग चढी राहिना," ती म्हणायची. मीही मान डोलवायचो.

त्याच्या वाढदिवसाला सपना दरवर्षी धुळ्याहून एसटीनं येते, खेळ मांडते. प्रशीलची पाळी आली की फासे लिलाबाई टाकते. यंदाही तिनं टाकले. सहा पडले. सपनानं त्याला सहा घरं पुढं न्यायला दोन बोटांत धरला, आणि भाला तुटला. तिनं दचकून खाली ठेवला, तर घोट्यातून पाय गेले. टक् एवढाच आवाज. माझा शिपाई शेजारी उभा होता. धडधाकट.

सपना मला ओसरीवर घेऊन गेली. "नाना, याला उन्हात कुणी ठेवलं? उन्हानं रेझिन घट्ट होतं, पण त्याला माप असतं. जास्त झालं की तडकायला लागतं. मग नुसतं बोट पुरतं."

आत आलो. लिलाबाई तुकडे तळहातावर घेऊन बसली होती.

"मन्हंच चुकनं, नाना. गये साल ढग व्हतात, तवय मी त्याले घरमाच ठेवं. ऊन कमी पडनं."

माझ्या तोंडात तीन थापा तयार होत्या. तिन्ही गिळल्या. "लिलाबाई, ऊन कमी नाही पडलं. जास्त झालं. चपलेची गोष्ट खोटी होती. आजोबा अनवाणी फिरायचे. तुझ्या पोराला मी तोडला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नाना," ती हळूच म्हणाली, "आज तरी थापा नका मारा. मन्हं दुख हलकं कराले स्वतःवर घी राहिनात ना? माले समजस."

सपनानं सांगून पाहिलं. तिलाही म्हणाली, "नानानं शिकाडं ना तुले?" नवा बनवून देते म्हटल्यावर नुसती मान हलवली. "त्याना हातना नही ना तो."

शेवटी सपनानं तुकडे चिकटवले आणि चारच्या गाडीनं गेली.

दुसऱ्या दिवशी धाब्यावर मिरच्या, कुरडया, आणि मध्ये प्रशील. चिकटवलेला, तिरका. मी जिना चढून वर गेलो आणि त्याच्या डोक्यावर माझी सावली पडेल असा बसलो. ऊन सरकलं की मीही सरकतो. रोज जातो. सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, टाळू भाजून निघते.

परवा ती मिरच्या हलवायला वर आली. "नाना, इतल्या उन्हमा काय करी राहिनात?"

"ऊन खातोय," मी म्हटलं. "मलाही अजून थोडं टिकायचंय."

हे मात्र तिला पटलं. खाली जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.