भांडायचं क्रियापद

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण आफ्रिकान्स बोलणाऱ्या लोकांना भांडायचं क्रियापद आमच्या घराण्याने पुरवलं.

बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोत केपटाउनचं एक कुटुंब राहतं. त्यांची पोरं गेटपाशी झोंबत होती, तेव्हा बापाने आफ्रिकान्समध्ये दटावलं, 'बाक्लेय' करू नका. गेटवरचे मलाय सिक्युरिटी अंकल हसले. म्हणाले, हा तर आमचा 'बरकलाही', म्हणजे भांडणे. शेजाऱ्याने मान्य केलं. डचांच्या जहाजांतून इकडच्या बेटांवरचे गुलाम आणि खलाशी केपला गेले, त्यांच्याबरोबर शब्दही गेला.

एवढं खरं. पुढचं मी रविवारी नातीला, क्षिप्राला सांगायला घेतलं. माझी मुलगी मेधा तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिची आई, अरुणा, जाऊन पाच महिने झाले. नंतर मेधाच मला पुण्याहून इथे परदेशात, तिच्या घरी घेऊन आली. बोलते ते 'चहा ठेवलाय' आणि 'गोळी घेतली?' एवढंच. अरुणा तीन आठवडे हॉस्पिटलात होती आणि मी दर व्हिडिओ कॉलवर सांगत होतो, आई भिशीला गेलीय, आई झोपलीय. परदेशातल्या मुलांना उगाच काळजी नको. आमच्या सोसायटीत सगळे असंच करतात. मेधा आली ती सगळं आटोपल्यावर. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडत नाही. मलाही आत काही हलल्यासारखं वाटत नाही. तोंड तेवढं चालतं.

"तर आपला पूर्वज राघो तांडेल," मी म्हटलं, "वेंगुर्ल्याच्या डच वखारीतून जहाजावर चढला. वाटेत मलाय शिकला. केपला उतरला आणि पहिल्याच दिवशी लोणच्यावरून गव्हर्नरशी भांडला. गव्हर्नर म्हणे, ह्या प्रकाराला काय म्हणतात? राघो म्हणाला, बरकलाही. गव्हर्नरच्या तोंडात आंब्याची फोड. त्याला तेवढंच म्हणता आलं, बाक्लेय."

"कॅन्नॉट ला, शक्यच नाही, आजोबा. गव्हर्नर लोणचं खातो?"

"बरणी संपवली त्याने. पण तिकडे वेंगुर्ल्यात राघोची आई आजारी पडली. बापाने त्याच दिवशी पत्र लिहिलं. जहाज वादळात सापडलं. पत्र पोचलं तेव्हा आई गेलेली. आता त्यात बापाचा काय..."

मेधाने टॉवेल खाली ठेवला.

"खोटं," ती म्हणाली. "त्याने पत्र लिहिलंच नाही, बाबा. एकवीस दिवस होते तुमच्याकडे. फोन हातात होता."