पट्टीशेजारचा फोटो

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो, आणि माझ्या मालकाचा मला मनापासून राग येतो. आत्मवृत्तात असं बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण दिवसातून शंभरदा ज्याच्या तोंडावरून कुणाचातरी अंगठा फिरतो, त्याने बोलायचं नाही तर कुणी?

कारखान्यातून आलो तेव्हा मी चकचकीत होतो. पहिल्या दिवशी मालकाने मला रुमालाने तीनदा पुसलं. मालक कपडे बेततो आणि त्याची थोरली बहीण ते शिवते. एकच खोली, लांब टेबल, खिडकीपाशी ताईचं जुनं मशीन. ताईचा पाय अधू आहे, म्हणून तिचं मशीन हाताने फिरवायचं. नवी मशिनं सगळी पायाने चालवायची, ती तिच्या काय कामाची?

पहिलं वर्ष बरं गेलं. गिऱ्हाइकं मापं कळवायची, मी निमूटपणे पोचवायचो. "चांगलं आहे रे हे, खेप वाचते," ताई म्हणायची. माझं कौतुक झालं ते तेवढंच. मग ग्रुप आले. शाळासोबत्यांचा, गल्लीचा, मामेभावांचा, त्या मामेभावांवर रुसलेल्या मामेभावांचा. एकूण त्रेसष्ट! रोज गुलाब, सुविचार, नाचणारी मांजरं. मालक सगळ्यांना हात जोडायचा आणि पुसायचा मात्र काहीच नाही. "राहू दे, लागलं तर असावं," म्हणे.

चौसष्टावा ग्रुप तेवढा शहाण्यांचा. जुनी शिलाई मशिनं दुरुस्त करणारी एकोणीस माणसं. तिथे 'शुभ सकाळ' टाकणाऱ्याला थेट बाहेरचा रस्ता. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं, गप्प बसायचं. तिथला निरोप आला की मला माझी लाज वाटत नसे.

गेल्या महिन्यात ताईच्या मशीनचं शटल मोडलं. शटल म्हणजे खालचा दोरा वाहणारा होडीसारखा तुकडा. तसं आता कुणी बनवत नाही. तीन आठवडे ताई हातावर हात ठेवून बसली, तेव्हा कुठे मालकाला त्या ग्रुपात विचारायचं सुचलं. दुसऱ्याच सकाळी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने लिहिलं, "एकच आहे. मोडकं शटल पट्टीशेजारी ठेवून फोटो टाका, लांबी जुळली तर तुमचं. दोनपर्यंत थांबतो, मागणारा आणखी एक आहे." तोंडी माप तिथे कुणी धरत नाही.

ताईने स्वतः पट्टी आणली, तुकडे जुळवून तिच्याशेजारी नीट ठेवले. मालकाने मला त्यांच्यावर रोखलं. मी सांगितलं, जागा नाही.

"मग पुसून टाक ना काहीतरी!"

"पुसतो गं. पण बघून पुसायला हवं, एखादं कामाचं असायचं."

बघत बसला. दोन गुलाब पुसले, मांजरापाशी हसला. एका मामेभावाशी जुना वाद सापडला, त्याला नवं उत्तर दिलं. तिकडून सहा उत्तरं आली, वर चार व्हिडिओ. झालेली जागा पुन्हा भरली. ताईने दोनदा घड्याळाकडे बोट दाखवलं. "झालंच गं!" फोटो गेला तेव्हा तीन वाजून गेले होते.

"दिलं दुसऱ्याला," मेकॅनिकने लिहिलं. बस्स, एवढंच.

संध्याकाळी ताईने मशीनवर कापड टाकलं. कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायचं काम मिळतंय, बसून करायचं आहे, उद्यापासून जाते, असं ती म्हणाली.

"अगं ताई, माझं ऐक तरी!"

"ते आधी खाली ठेव. मग बोल."

त्याने मला टेबलावर ठेवलं. खरं सांगतो मित्रांनो, त्या क्षणी मला त्याच्याबद्दल आशा वाटली. तेवढ्यात मी थरथरलो. कुणीतरी 'शुभ संध्याकाळ' पाठवली होती. त्याची नजर माझ्याकडे वळली. त्याने वर पाहिलं तेव्हा ताई दाराबाहेर गेली होती.

आम्हाला जपून वापरा, मऊ कापडाने पुसा, असं शेवटी सांगायची रीत आहे. मी नाही सांगणार. मला रिकामं ठेवा. आणि आपलं माणूस बोलत असेल तेव्हा मला खुशाल पालथा ठेवा, बोंबलू द्या मला.

ताई आता रोज बटणं लावते. मालकाने झाकलेल्या मशीनचा फोटो त्रेसष्ट ग्रुपांत टाकला. दोनशे अकरा जणांनी हात जोडले. बेतलेले कपडे टेबलावर तसेच पडून आहेत.