पाण्यातून निघालेलं विष

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर महाराजांनी दारूचा पेला उंच धरला, तशी हजारभर माणसं चिडीचूप झाली.

"बाई, किती वर्षं पितात हे?" त्यांनी विचारलं.

"अठरा," लॅबकाकांना मंचावर घेऊन आलेली त्यांची बायको मान खाली घालून म्हणाली.

"अठरा वर्षांचं विष अठरा क्षणांत काढतो! डॉक्टर नको, औषध नको, घोळक्यात बसून रडगाणं नको. फक्त अंगठा लावा पेल्याला."

काकांनी अंगठा लावला. महाराजांनी चमचाभर सिद्धजल सोडलं, आणि पेल्यातली पाण्यासारखी दारू लालभडक झाली. "बघा, रक्तात भिनलेलं विष!" मग त्यांनी लिंबू पिळलं. लाली गायब! "विष जळालं, दारू सुटली. यापुढे ती याला बाधणारही नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोला हुंदका आवरेना.

लॅबकाका बावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत द्रावणं बनवत आले होते. माणूस आपली सही ओळखतो, तसा त्यांनी तो लाल रंग ओळखला. बोलावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मनात आलं, हिला हे खरं वाटलं तर यापुढे आपल्या तोंडाचा वास कोण घेणार? काकांनी तोंड मिटलं आणि वाकून नमस्कार केला.

पुढचे तीन महिने ते रसायनांच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला प्यायले. घरी वास आलाच तर म्हणायचे, "आज लॅबमध्ये स्पिरिट सांडलं." बायको बिचारी त्यांचा शर्ट वेगळा भिजत घालायची.

चमत्काराची गोष्ट तिनं गल्लीभर सांगितली. सगळ्यात आधी सांगितली धाकट्या भावाला. तो इमारती रंगवायचा. पाच महिने त्यानं थेंबाला शिवलं नव्हतं. दर मंगळवारी तो शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकीला जायचा.

"कशाला त्या खुर्च्यांत बसून रडतोस? तुझे दाजी बघ, एका दिवसात सुटले!"

भावानं दाजींकडे पाहिलं. "खरं का हो दाजी?"

"हो," काका वर्तमानपत्राआडून म्हणाले. "बरं वाटतंय."

भावानं बैठक सोडली आणि महाराजांचा पेला लाल करून घेतला. आता बाधणारच नाही म्हटल्यावर एक घेऊन बघायला काय हरकत? एकाचे चार व्हायला आठवडा पुरला. तिसऱ्या आठवड्यात तो परांचीवरून पडला. खुब्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या.

इस्पितळात काकांचा हात धरून तो म्हणाला, "दाजी, तुमची सुटली, मग माझी का नाही? माझीच श्रद्धा कमी पडली असणार."

काकांना त्या खाटेपाशी उभं राहवेना.

मंगळवारी ते शिंप्याच्या दुकानावरून दोनदा पुढे गेले. तिसऱ्या फेरीला शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "जिना डावीकडे, काका. माप द्यायचं असेल तर उजवीकडे."

वर दहा-बारा खुर्च्या होत्या. निवृत्त कंडक्टर बैठक चालवत होते. "कोणासाठी आलात?"

"मेहुण्यासाठी. इथं यायचा तो."

"बसा. मीही पहिल्यांदा भावासाठीच आलो होतो. भाऊ माझा फक्त चहा पितो."

सगळे हसले. मग एक परिचारिका बोलली. तिचा चाळिसावा दिवस होता, आणि काल ती दारूच्या दुकानाबाहेर अर्धा तास उभी होती. त्या खोलीत "माझी सुटली" असं कोणीच म्हणत नव्हतं. जो तो आजच्यापुरतं बोलत होता.

काकांची पाळी आली. "माझी सुटलेली नाही. अठरा वर्षं पितोय, आज दुपारीही घेतली. आणि सुटली असं मी खोटं सांगितलं, म्हणून एक माणूस परांचीवरून पडला."

कोणी च्च् केलं नाही. कंडक्टर म्हणाले, "आधी डॉक्टरांना भेटा. अठरा वर्षांची एकदम तोडलीत तर झटके येऊ शकतात. आणि हे त्याला सांगा. आम्हाला सांगून त्याचं ओझं उतरणार नाही."

दुसऱ्या दिवशी काका पेला घेऊन इस्पितळात गेले. बायको भावाच्या खाटेपाशी होतीच. "तू भर," ते बायकोला म्हणाले. "नळाचं पाणी." मग आणलेल्या बाटलीतून त्यांनी चमचाभर पाणी पेल्यात सोडलं. पेला लालभडक झाला.

बायको मागे सरकली. "अहो, साध्या पाण्यात कसलं विष?"

"तेच तर. पेल्याच्या तळाशी फिनॉल्फ्थॅलिनचे, सोड्यानं लाल होणाऱ्या रसायनाचे, चार थेंब वाळवलेत. चमच्यात धुण्याचा सोडा. लिंबानं रंग जातो, दारू तेवढीच राहते."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"मंचावर. त्याच क्षणी."

"मग तुमची..."

"नाही सुटलेली."

बायकोनं पेला उचलला, मोरीशी नेऊन धुतला, परत धुतला. पाठमोरीच म्हणाली, "म्हणजे लॅबमध्ये स्पिरिट सांडत नव्हतं."

खाटेवरून भावाचा आवाज आला, "दाजी, मग माझी श्रद्धा कमी नव्हती पडली?"

"नाही रे. तू पाच महिने जे करत होतास, तेच खरं होतं. मी तुला त्यातून उठवलं."

चमत्कार डोळ्यांनी पाहिला असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एवढंच म्हणावं, हाच खेळ एकदा नळाच्या पाण्यावर करून दाखवा. आणि ज्याला रंगामागचं कारण ठाऊक आहे, त्यानं तिथल्या तिथे बोलावं. महाराजांचं दुकान सोड्यावर चालतं, तेवढंच ते जाणत्यांच्या गप्प बसण्यावर चालतं.

बायकोनं पेला पालथा घातला. "मंगळवारी किती वाजता असतं ते?"

"सहाला."

"मी खाली शिंप्याकडे थांबेन. जिना तुमचा तुम्ही चढा."